फुगा की कोंबडा

मेलबर्न, १० मार्च १९५७

ति. रोसाल्बाताईस,
साव्हेरिओचा सा. न. वि. वि.

मी इथे मजेत आहे. कारखान्यातलं काम बरं चाललंय, फक्त पाव अजून कापसासारखा मिळतो. तुम्ही सगळे खुशाल असालच. आता मुद्द्याचं लिहितो, आणि हसायचं नाही.

ईस्टरनंतर गावच्या चर्चमध्ये माझं लग्न लागेल तेव्हा माझ्या जागी आपला ब्याजो उभा राहील. त्याचं मला काही वाटत नाही. इथे आलेल्या आपल्याकडच्या सगळ्यांची लग्नं अशीच लागतात, नवऱ्याच्या जागी भाऊ उभा करून. पण नुन्झियाता बोटीतून उतरेल तेव्हा समोर मी स्वतः असेन. मी गाव सोडलं तेव्हा ती वेण्या घालून फिरत होती. आम्ही एकमेकांशी धड बोललोही नाही. मागच्या बोटीला एक नवरी आली, हातातला फोटो आणि समोरचा माणूस ताडून बघत राहिली, आणि रडत परत बोटीत जाऊन बसली. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे.

सोबत दोन फोटो आहेत. पहिल्यात फुगा आहे, म्हणजे सगळे केस कपाळावरून उंच उचलून थेट मागे नेलेले, बाजूचेही लांब. दुसऱ्यात कोंबडा आहे. त्यात फक्त पुढचा झुपका उभा, शेंडा जरासा पुढे वळलेला आणि बाजू बारीक. हा इथल्या ग्रीक न्हाव्याने काढला. तिला कुठला आवडतो ते गुपचूप विचारून कळव. बाबांच्या कानावर मात्र घालू नकोस. त्यांनी जन्मभर अख्ख्या गावाची डोकी सांभाळली, त्यांच्या मुलाच्या डोक्याला ग्रीकाचा हात लागला हे त्यांना सोसायचं नाही.

लोभ आहेच. फोटो लपवण्यापुरता तो जरा जास्त ठेव.

तुझा धाकटा,
साव्हेरिओ


रोक्काव्हेन्ता, २९ मार्च १९५७

चि. साव्हेरिओ यास,
अ. उ. आ.

तू पुरता गाव विसरलास बघ. पोस्टमन सकाळी दाढीला येतो आणि सगळ्यांची पत्रं बाबांच्या दुकानातच ठेवून जातो, आणि तिकीट ऑस्ट्रेलियाचं असलं की नाव कुणाचंही असो, बाबा ते फोडतात. मी पोचले तेव्हा तुझे दोन्ही फोटो आरशाला टेकवून ठेवले होते आणि अर्धं गाव खुर्च्या ओढून बसलं होतं.

आधी पाद्रीबाबांनी कोंबड्याच्या बाजूने मत दिलं. मग पोस्टमनने फुग्याच्या बाजूने दिलं, आणि दोघं बोलेनासे झाले. मला विचारशील तर दोन्ही फोटोंत एकच माणूस, तेच केस आणि तेच घाबरलेले डोळे. हे मी बोलून दाखवलं तर बाबांनी मला आंधळी ठरवलं आणि न्हाव्याच्या पोटी जन्मून वाया गेलीस म्हणाले.

त्यांचं म्हणणं असं की तुझ्या डोक्याला मागच्या बाजूला दोन भोवरे आहेत, आणि त्यांना आवर घालायचा तर केस लांब ठेवून मागेच न्यायला हवेत. ग्रीकाला हे काय कळणार. हे सगळं त्यांनी भर दुकानात सांगितलं. तासाभरात नुन्झियाताची आई बाह्या सरसावून दारात हजर. दोन भोवरेवाल्याची दोन लग्नं होतात असं आपल्याकडच्या बायका मानतात, तुला ठाऊकच आहे. मास्तर कोझिमो, माझी मुलगी पहिली मग दुसरी कोण, असं तिने बाबांना विचारलं. बाबांच्या हातातलं पोस्टमनच्या अर्ध्या गालावरचं काम तसंच राहिलं. लग्न मोडतंय की काय असंच मला वाटलं. शेवटी नुन्झियातानेच आईला हाताला धरून घरी नेलं. काय समजूत घातली कोण जाणे, पण तारीख कायम आहे.

इथे सगळ्यांचा तुझ्यावर जीव आहे, डोकं कसंही असलं तरी.

तुझी ताई,
रोसाल्बा


मेलबर्न, ११ एप्रिल १९५७

ति. ताईस सा. न. वि. वि.

एवढं लांबलचक पत्र लिहिलंस, पाद्रीबाबांचं मत कळवलंस, पोस्टमनचंही कळवलंस. जिला विचारायचं होतं तिचं काय?

हे पत्र बाबा आधी वाचणार, म्हणून त्यांनाही इथेच नमस्कार.

साव्हेरिओ


रोक्काव्हेन्ता, ६ मे १९५७

चि. साव्हेरिओ यास अ. उ. आ.

लग्न लागलं रे. आता तू नवरा झालास. बाबांनी पहाटेपासून ब्याजोला खुर्चीत बसवून असा फुगा चढवला की वेदीसमोर नवरीपेक्षा तोच उंच दिसत होता. पाद्रीबाबांनी तुझं नाव घेतलं तेव्हा नुन्झियाताने एकदा त्या फुग्याकडे पाहिलं आणि फुलांत तोंड लपवून हसली. मग डोळे पुसले. लग्नाचे साखरेतले बदाम वाटून संपले, तरी ब्याजो डोकं धुवायला तयार नाही.

तुझा प्रश्न मी विचारला. तिने दोन्ही फोटो बराच वेळ पाहिले आणि म्हणाली की डोकं हाताशी आल्याशिवाय ती काही सांगणार नाही. हे बाबांना इतकं पटलं की आता ती रोज संध्याकाळी दुकानात येते, बाबा शिकवतात आणि ब्याजोच्या केसांवर ती हात बसवते. फुगाही करते, कोंबडाही. कोंबडा शिकवताना बाबा तोंड फिरवून उभे राहतात. आपला शिंगाचा कंगवा त्यांनी तिला देऊन टाकला. तो त्यांनी मला कधी हातात धरू दिला नव्हता, तुला आठवतच असेल.

कागद झाले की ती निघेल. पोरगी गुणाची आहे. नीट राहा, नीट जेव, आणि आमची आठवण काढत जा.

तुझी ताई


मेलबर्न, १५ सप्टेंबर १९५७

ति. बाबा आणि ताई यांस,
साव्हेरिओ आणि सौ. नुन्झियाता यांचे सा. न. वि. वि.

काल बोट लागली. बाबा, तुमच्या शब्दाखातर मी ग्रीकाला फुगाच सांगितला होता. त्याने मान डोलावली आणि कोंबडा काढला. बंदरावर जाऊन बघतो तर जिकडे बघावं तिकडे कोंबडेच. सगळे नवरे शनिवारी सकाळी त्याच्याकडेच बसून आलेले, सगळ्यांच्या हातात फोटो आणि सगळ्यांचे चेहरे पांढरे पडलेले. खुराडं नुसतं. हिच्या हातात माझा फोटो असून काय उपयोग होता?

त्यात वारा सुटला. सगळ्यांचे कोंबडे बसले, माझे केस तर डोळ्यांवर आले. तिकडे बायका उतरायला लागल्या आणि मी वेड्यासारखा गोदामाच्या खिडकीकडे तोंड करून काचेत बघत केस सारखे करत बसलो. म्हणजे जिची इतके महिने वाट पाहिली, ती आली तेव्हा माझी पाठ होती.

मागून कुणीतरी माझ्या भोवऱ्यावर बोट टेकवलं. एकावर, मग दुसऱ्यावर. मी वळलो तर ती उभी. मास्तर कोझिमोंचा मुलगा ना, असं तिने विचारलं.  मग तिने पिशवीतून तुमचा कंगवा काढला, मला खाली वाकायला सांगितलं, आणि त्या गर्दीत, त्या वाऱ्यात, माझे केस विंचरले. ताई, मला रडू आलं. तिच्या हातातला कंगवा मात्र कुठेच अडखळला नाही. मामंजींनी शिकवलंय, असं म्हणाली.

फुगा केला की कोंबडा, मला माहीत नाही. मी काचेत पाहिलंच नाही. ट्रामपर्यंत येईतो वाऱ्याने तोही विस्कटला आणि तिने पुन्हा कंगवा काढला.

तिच्या आईला एवढा निरोप द्या की गावच्या बायका म्हणतात ते खरं निघालं. माझं दुसरं लग्न काल बंदरावर झालं. मुलगी तीच होती, आणि या खेपेला मी स्वतः हजर होतो.

तुमचाच,
साव्हेरिओ