सरसाच्या भांड्याशेजारचं अंडं

९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. चार पानांत 'काय खातोस' हा प्रश्न तीनदा. त्याआधी मी काय करतो ते ऐक. मी बसलोय ती खुर्ची माझ्या हातची. समोरचं मेज माझ्या हातचं, त्याला एकही खिळा नाही. मेजावरचे रंधे, पटाश्यांच्या मुठी, लाकडी शिकंजे, बोळाकडे उघडणाऱ्या खिडकीची चौकट, दाराची कडी, आणि भिंतीवर टांगलेली सगळी व्हायोलिनं, खुंटीपासून घोडीपर्यंत, माझ्या हातची. विकत आणलेलं म्हणशील तर डोक्यावरचा दिवा आणि हे पेन. कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. मोडकी व्हायोलिनं उघडून बघितली आणि ती करणारा जिथे चुकला तिथे आपण चुकायचं नाही, एवढं ठरवलं. अशा माणसाला दुपारी कुणी विचारावं, की बाबा रे, जेवलास का?

मला जेवणाचा राग नाही, ताई. कंटाळा आहे. व्हायोलिन एकदा झालं की आपल्यामागे टिकतं. जेवण सकाळी उरकलं तरी संध्याकाळी पुन्हा पहिल्यापासून. चावा, गिळा, ताट विसळा, आणि हाती राहिलं काय? भूक लागली की खातोच. ती लागत नाही त्याला मी काय करू?

बाकी ठीक. गावातल्या संगीतशाळेसाठी चेलो करायला घेतलाय. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, खुर्चीत बसून गुडघ्यांत धरून वाजवायचा. माझा पहिलाच. त्याच्या पोटाची फळी मी आठ वर्षं वाळवली आहे. टिचकी मारली तर घंटेसारखी बोलते. तुझी भावजय रोजच्यासारखी टपाल कचेरीत जाते, जाताना डबा माझ्या मेजावर ठेवते आणि संध्याकाळी तिला तो रिकामा मिळतो. तेव्हा चिंता नसावी.

तुझा लोभ आहे म्हणून प्रश्न तीनदा येतो हे कळतं. लोभ तेवढाच ठेव, प्रश्न कमी कर.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. पाकिटावर 'काडी' लिहीत जाऊ नकोस. पोस्टमन हसतो.


२० जानेवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

हे पत्र कचेरीतून लिहितेय, ह्यांना न सांगता. डबा रिकामा येतो असं ह्यांनी तुम्हाला कळवलं असेल. येतो. पण शेजारच्या छापखान्यातला कुत्रा इतका लठ्ठ झालाय, की त्याला पायरी चढवत नाही. ते बघूनच मला कळायला हवं होतं.

परवा दुपारी चेलोच्या फळीत आवाजाचं छिद्र कापताना ह्यांचा हात थरथरला. सुरी सरकली ती थेट कडेपर्यंत. फळी चिरली. उठून उभे राहिले आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन तिथेच कोसळले. छापखानेवाल्यांनी डॉक्टरांना आणलं. त्यांनी सगळं तपासलं, रक्तसुद्धा. रोग काही नाही म्हणाले, माणूस कित्येक महिने अर्धपोटी आहे. असंच चाललं तर हात स्थिर राहणार नाही, हे त्यांनी तोंडावर सांगितलं. त्यावर ह्यांनी त्यांनाच विचारलं, की तुमच्या पेटीचं बिजागर कुणी बसवलं, ते वाकडं आहे.

शाळेला ह्यांनी निरोप धाडला की लाकडात दोष निघाला. वन्सं, ह्या माणसाने आजवर लाकडाला कधी दोष दिला नव्हता. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

मी चमचमीत करून पाहिलं, साधं करून पाहिलं, रुसून पाहिलं. मी समोर बसले की खातात. पण मला कचेरी आहे, आणि नवऱ्याची आई व्हायला काही मी लग्न केलेलं नाही. तुमचं ते ऐकतात. निदान ऐकून चिडतात तरी. माझं नाव मात्र काढू नका.

तुमची माया आहेच, ती आता जरा कामाला लावा.

तुमची भावजय


२७ जानेवारी

चि. काडीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बायकोने मला एका अक्षरानेही काही कळवलेलं नाही. हे आधीच सांगते, म्हणजे तिच्यावर डाफरायला तुला जागा नको.

ताई वेळेवर जेवते म्हणजे तिला जेवण आवडतं, असा तुझा समज आहे. अरे, मला जन्मात कधी कडकडून भूक लागलेली नाही. लोक ताटाकडे बघून हरखतात, मी घड्याळाकडे बघते. आपली आई तशीच. सगळ्यांना वाढायची आणि स्वतः उभ्याउभ्या दोन घास. तू तिच्यावर गेलास आणि मीही. तेव्हा ही काही तुला एकट्याला मिळालेली देणगी आहे, अशा भ्रमात राहू नकोस.

नर्स म्हणून लागले त्या पहिल्या वर्षी मी वॉर्डातच चक्कर येऊन पडले, तीही एका रोग्याच्या पायांवर. बिचाऱ्याने घंटा वाजवून माझ्यासाठी नर्स बोलावली. मोठ्या सिस्टरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, की तापातून उठलेल्याला आपण भूक आहे का असं विचारत नाही, वेळ झाली की कप घेऊन जातो. मग तू स्वतःलाच का विचारत बसतेस? त्या दिवसापासून मी विचारणं सोडलं. ठरलेल्या वेळी ठरलेलं. थोडं, पण चुकवायचं नाही. आज काय करावं याचा विचारसुद्धा नको, विचार आला की आपल्यासारखी माणसं पळ काढतात. आणि आवडलंच पाहिजे असं कुणी सांगितलं? दात घासायला कुणाला आवडतं?

पटाशीला धार बोथट झाल्यावर लावायची नसते, त्याआधी लावायची असते, हे तूच मला एकदा पाऊण तास ऐकवलं होतंस. मग?

उत्तर रागाने लिही, पण काहीतरी खाऊन लिही. आशीर्वाद देण्याचा हक्क माझा आणि कान धरण्याचाही.

तुझी ताई


८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

'एका अक्षरानेही कळवलेलं नाही' हे वाचून आधी तुझी भावजय हसली, मग नाइलाजाने मी. तेव्हा लपवाछपवी संपली. फळी मी चिरली. लाकूड निर्दोष होतं, आणि तसं मी शाळेत जाऊन सांगून आलो. त्यांनी मे अखेरपर्यंत मुदत दिली आहे. आता तशी वाळलेली फळी माझ्याकडे एकच उरली. ती कापताना हात थरथरला तर चेलो गेला, आणि चेलोबरोबर मी. ताई, माझ्याकडे ना शिक्षण, ना कुणा गुरूचं नाव. हे दोन हात आहेत. ते गेले तर मी कोण, हे मला खरंच ठाऊक नाही.

तुझा सल्ला मी माझ्या पद्धतीने अमलात आणला. यंत्र केलं. मेजाच्या कडेला तराजूसारखी झुलती पट्टी, तिच्यावर डबा. दुपारी घड्याळाचा काटा ठरल्या जागी आला की खटका पडतो आणि दिवा जातो. माझ्या खोलीत भर दिवसाही दिव्याशिवाय काही दिसत नाही, हे तुला माहीत आहे. डबा हलका झाला तरच दिवा परत लागतो. पितळी बिजागरं, आवाज अजिबात नाही. छापखानेवाले मुद्दाम बघायला आले.

पहिल्याच दिवशी दिवा गेला. मी डब्यातला भात खिडकीतून कुत्र्याला घातला. दिवा लागला. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, की यंत्र डबा तोलतं, मला नाही. कुलूप करणाऱ्याला किल्ली लागत नाही, ताई. तुझी भावजय म्हणते, कुत्र्याला वेळेवर जेवू घालणारं यंत्र याआधी कुणी केलं नसेल.

आता तू लिहिशील की मनाने घे. मन हे लाकूड माझ्या शिकंज्यात बसत नाही. दुसरं काही असेल तर कळव.

राग गेला, लोभ शिल्लक आहे.

तुझा काडी (नाइलाजाने)


१५ फेब्रुवारी

चि. काडीस,
आशीर्वाद.

यंत्राचं वाचून इतकी हसले की शेजारीण काय झालं म्हणून धावत आली. कुत्र्यालाही माझे आशीर्वाद.

तू चूक एकच केलीस. जेवणासाठी नवं काम उभं केलंस. आपण नवं काम काढायचंच नाही. जे काम कधी चुकत नाही त्याच्या पाठीवर जेवण बसवायचं. मला दुपारी वॉर्डात औषधं वाटायची असत, जग बुडालं तरी. शेवटच्या रोग्याची गोळी दिली की तिथून सरळ माझा डबा. पाय आपोआप वळायचे. निवृत्त झाले, तरी त्या वेळेला पाय अजून वळतात.

तुझं असं कुठलं काम आहे, जे आजवर एकदाही चुकलेलं नाही? मला सांगू नकोस, स्वतःला सांग. आणि सुरुवात एकाच गोष्टीने कर. पहिल्याच दिवशी मेजवानी मांडलीस की संपलं.

बाकी सगळं तू हाताने करतोस, हेही कर.

तुझी ताई


४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सापडलं. सरस.

सरस म्हणजे कातड्याहाडांपासून केलेली जुन्या पद्धतीची खळ. माझं सगळं काम तिने जोडलेलं. सरस दोन भांड्यांत तापवतात. आतल्यात सरस, बाहेरच्यात पाणी. पाणी बोट घालवणार नाही इतकं गरम हवं, पण बुडबुडा येता कामा नये. उकळलं की सरस मेला. सकाळी खोलीत पाय टाकला की माझं पहिलं काम ते भांडं शेगडीवर ठेवणं. अंगात ताप असताना ठेवलंय. लग्नाच्या दिवशीही ठेवलं होतं. तू त्यावरून काय काय बोललीस तेही आठवतं.

तर त्या भांड्याशेजारी मी दुसरं भांडं ठेवलं. स्वच्छ पाणी, तोच ताप, त्यात एक अंडं. सांधा जोडून शिकंजे आवळले की सरस धरेपर्यंत लाकडाला हात लावायचा नसतो. इतकी वर्षं तेवढा वेळ मी येरझाऱ्या घालत होतो. आता अंडं फोडतो. न उकळलेल्या पाण्यात तासभर राहिलेलं अंडं कडक होत नाही. पांढरं नुसतं गोठतं, पिवळं दाट मधासारखं राहतं. ताप किंचित चढला की पिवळं भुसभुशीत होतं. पहिला आठवडा मी तापमापक विकत आणून फक्त ताप जुळवत होतो. फसलेली अंडी मेजावर दिसू नयेत म्हणून खाऊन टाकायचो आणि पुन्हा नवं ठेवायचो. यात मी जेवतोय हे माझ्या लक्षात आलं नाही. तुझ्या भावजयीच्या आलं. ती जास्त अंडी आणू लागली.

मग अंड्याला टेकू म्हणून पाव आला. दुपारच्या जोडणीनंतर डबा. तो आता मीच भरतो: भात, एखादी पालेभाजी, दही. रोज तेच. ती म्हणते हे बघूनच तिला कंटाळा येतो. मला येत नाही, कारण मी मजेसाठी बसलेलोच नाही. भिंतीवर व्हायोलिन टांगायच्या एका मोकळ्या खुंटीला केळी टांगली आहेत. गिऱ्हाईकं विचारतात हे कुठलं वाद्य.

आवडतं का, असं विचारू नकोस. खोटं बोलता येणार नाही. पण काल दुपारी जेवणानंतर एका टाकाऊ फळीवर तेच छिद्र कापून पाहिलं. सुरी मी सांगितलं तिथेच गेली.

चांगली फळी अजून भिंतीशी उभी आहे. एवढ्यात तिला हात लावत नाही.

तुझा लोभ असाच आवळलेला राहो. सैल सोडू नकोस.

तुझा काडी


१४ एप्रिल

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

ह्या वेळी पत्र लपवून लिहीत नाही. ते समोर बसून चेलोला रंगरोगण करताहेत, आणि मी तुम्हाला काय लिहितेय याकडे लक्ष नसल्याचं दाखवताहेत.

फळी मार्चअखेरीस कापली. त्या दिवशी मी रजा घेतली होती, पण मला खोलीबाहेर बसवलं. दार उघडून आले. नुसता हात पुढे धरून दाखवला. हात दगडासारखा स्थिर होता. मग म्हणाले की केळं दे. वन्सं, लग्न झाल्यापासून ह्यांनी खायला मागितलेली ही पहिली वस्तू.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. रोगणाचे दिवस आले आणि मला धसका बसला. रोगणात जोडणी नाही, म्हणजे सरस नाही, म्हणजे अंडं नाही. तीन आठवडे तरी सरस लागणार नव्हता. पहिल्या दिवशी कचेरीतून मुद्दाम दुपारी येऊन खिडकीतून डोकावले. सरसाचं भांडं कोरडं ठणठणीत फडताळावर पालथं होतं. शेजारचं भांडं शेगडीवर होतं आणि ह्यांची नजर तापमापकावर. मी गुपचूप परत गेले.

कुत्रा आता पायरी चढतो. छापखानेवाल्यांचा थोडा रोष झालाय.

आणि काल मला रागावले, की कचेरीत दुपारी नुसत्या चहावर कशी राहतेस, वेळ झाली की खायचं, भुकेला विचारत बसायचं नाही. हे वाक्य कुणाचं ते मी ओळखलं.

तुमचा हात आमच्या डोक्यावर आहेच, तो हलवू नका.

तुमची भावजय


३० मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चेलो परवा शाळेत पोचवला. त्यांच्या जुन्या शिक्षिकेने तो गुडघ्यांत धरला, सगळ्यात जाड तारेवर गज टेकवला आणि एकच सूर बराच वेळ ओढला. तो मला कानाआधी फासळ्यांत लागला. त्या फासळ्यांवर आता थोडं मांस आहे, तरीही. शिक्षिकेने फळी कुणाची असं विचारलं. मी म्हणालो लाकूड झाडाचं, बाकी माझं. मग म्हणालो, थोडं माझ्या बहिणीचं.

डॉक्टरांकडेही जाऊन आलो. वजन त्यांना पटलं. त्यांच्या पेटीचं बिजागर मी सरळ करून दिलं.

भूक अजून लागत नाही. त्याची आता वाट बघत नाही. मधे सर्दी झाली तेव्हा दोन दिवस सगळं सुटलं होतं. तिसऱ्या दिवशी भांडं ठेवलं आणि गाडी रुळावर आली. पूर्वी एक दिवस सुटला की महिना सुटायचा. अंड्याचं पिवळं बरोबर मधासारखं उतरलं की मात्र बरं वाटतं. ते खाण्याचं समाधान की कामाचं, हे तू ठरव.

तू इकडे कधी येतेस? आलीस की तुझ्यासाठी दुसरं अंडं त्याच पाण्यात. दोघं घड्याळाकडे बघत खाऊ.

लोभ होता म्हणून हात राहिला. यापुढे तो वाढला तरी मला सोसेल, अंगात ताकद आहे.

तुझा काडी

ता. क. एक सांगायचं राहिलं. शाळेत त्या वेळी मोठ्या शहरातला एक वाद्यांचा व्यापारी होता; चेलो ऐकून तो काल माझ्या खोलीवर आला. त्याच्या कारखान्यात मुख्य कारागीर म्हणून ये म्हणाला; राहायला घर, हाताखाली माणसं, वर्षभर फक्त चेलो. सरसाऐवजी नळीतली खळ वापरतात, ती लगेच धरते, त्यामुळे मधे थांबावं लागत नाही. कारागीर काम करता करताच काहीतरी तोंडात टाकतात, हे त्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं. मी म्हणालो, जरा बसा, अंडं होतच आलंय, खाऊन बोलू. त्याला वेळ नव्हता. मी नाही म्हटलं. तुझ्या भावजयीने आकडा ऐकून डोक्याला हात लावला, आणि मग माझ्यापुढे पाव सरकवला. वर्षाचे नऊ लाख देत होता.