अण्णा हसले होते

रविवार, ७ डिसेंबर

प्रिय भोंपू,

अक्काचे आशीर्वाद, तू मागितले नाहीस तरी. बाप झालास, पण माझ्या तोंडात अजून हेच नाव येतं. इकडे सगळं बरं आहे. नळ दुरुस्त झाला, जिन्यातला दिवा पुन्हा गेला. छोटी चालायला लागली का? फोनवर तू ‘बरंय, ठेवतो’ यापलीकडे जात नाहीस, म्हणून कागदाला शरण आले. फार शिकले नाही, चुका पोटात घाल.

अण्णांचंही चाललंय. हल्ली आमच्या घरी सगळेच अर्धा कप चहा घेतात आणि वाडग्यात चमच्यानं जेवतात. एकट्या अण्णांना वेगळं नको वाढायला. तुझे भावजी आधी कुरकुरले, आता कप भरून दिला तर तेच सांडतात. दारापाशी आले की अण्णांचे पाय जमिनीला चिकटतात. मग आम्ही मागे रांगेत उभे. ओढायचं नाही, ढकलायचं नाही. “सिग्नल आहे, हॉर्न वाजवू नका,” म्हणतात. जन्मभर बस चालवलेला माणूस.

बघ, नाही नाही म्हणता तिथेच आले. अण्णांना पार्किन्सन आहे. तू आलास तेव्हाही होता. “त्याला सांगू नकोस, पोरगं इतक्या वर्षांनी येतंय, ते कीव करायला नको,” असं त्यांनी बजावलं होतं. म्हणून मी तोंड शिवून बसले.

यात हात हलतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. चेहराही थिजतो, हे मला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. आत हसू असतं, वर येत नाही.

तू छोटीचा फोटो त्यांच्या हातात दिलास. ‘तुमच्यावरच गेलीय,’ म्हणालास. ते नुसते बघत राहिले. मग तू फोटो काढून घेतलास आणि जिन्यात मला म्हणालास, ‘माझ्या लग्नाचा राग अजून गेला नाही त्यांचा.’

मी वर आले तर हात तसाच पुढे धरून बसले होते. आवाज बारीक झालाय त्यांचा, कान तोंडाशी न्यावा लागतो.

“इतक्यात का गेला गं? मी हसलो की त्याच्याकडे बघून.”

“हो अण्णा, हसलात.”

त्यांना ते पटलं नसावं. डॉक्टरांनी चेहऱ्याचे व्यायाम दिलेत, गाल फुगवा, भुवया उडवा. अण्णा त्यांना माकडचेष्टा म्हणायचे. आता दाढी झाली की आरशासमोरून हलत नाहीत. एकदा बोटांनी ओठांची टोकं वर उचलताना दिसले. मी कपडे वाळत घालायला निघून गेले. कपडे वाळलेलेच होते.

शब्द मोडला आज मी. रागावतील, रागावू देत.

तू ये. सूनबाईला आण, छोटीला त्यांच्या मांडीवर दे. ते हसतील असं वचन मी देत नाही. नाही हसले तरी उठू नकोस. बसून राहा.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
आणि या घरात तसं कबूल करणारी एकटीच,
अक्का