शाफ्टवर टेकलेला हात

मंगळवार संध्याकाळ, सालवड

जेवताना घरमालकीण मावशींच्या हातून थाळी निसटली. फरशीवर झणझणत राहिली, त्यांनी वर तळवा ठेवला तशी गप्प झाली. मी हातातला घास परत ताटात ठेवला.

आज कारखान्यात मी हेच केलं. चुंबकाच्या बेअरिंगमध्ये शाफ्ट, म्हणजे मशीनचा फिरणारा दांडा, कशालाही न टेकता तरंगतो. गावी, दातिवऱ्याला, भरतीत होडी अशीच... ते राहू दे. या शाफ्टला हातोडीने ठोकायचं. किती हलतो, किती लवकर शांत होतो, ते संगणक मोजतो. ठोकणारा मी. आणि ठोकताना डावा हात कामावर टेकवायची माझी जुनी खोड, पत्रा ठोकायच्या वर्कशॉपातली. आज टेकवला होता का? होता. तळव्याला लागलेला गारवा आठवतोय.

आमच्या इंजिनीअर घरत मॅडम स्क्रीन बघून खूश. "लगेच शांत होतोय. उद्या पूर्ण वेगाने फिरवू." अहो, तो शांत होत नव्हता, माझा हात त्याला करत होता. उद्या हात नसेल. कंप वाढतच गेला तर? मशीन फिरताना तिला खेटून ऑपरेटर तांडेलकाका उभे असतात. "मी हाय ना बाजूला," म्हणाले होते.

नोकरी जाईल म्हणून तासभर बसून राहिलो. मग मॅडमना फोन करून सगळं सांगितलं.

मॅडमनी एवढंच विचारलं, "किती ठोक्यांना हात होता?"

"सगळ्याच."

"सकाळी परत ठोकू. तोवर मशीन फिरणार नाही. आणि येताना तो हात खिशात घालून ये."

आत्ता लिहितानाही डावा तळवा वहीवर दाबलेलाच आहे.