जाई कापायची राहिली आहे

दि. ९ सप्टेंबर, रविवार दुपार

प्रिय ताईस,
तुझ्या धाकट्या बटणाचा सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. मी आणि बाबा दोघंही बरे आहोत. दुकान नीट चाललं आहे. समोरच्या न्हाव्याने मोठे आरसे बसवले, त्यामुळे दुपारचं ऊन थेट आपल्या शिवणयंत्रावर येतं. बाबा रोज म्हणतात, "त्याला म्हणावं, भाजतोच आहेस तर दाढीही करून दे फुकट." एवढीच काय ती नवलाई.

तू नव्या खोलीच्या गॅलरीसाठी आईच्या जाईची फांदी मागितली होतीस. मागच्या पत्रात मी "प्रयत्न चालू आहे" एवढंच लिहिलं, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. आता सविस्तर लिहितो.

मी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांद्या काढल्या, खालची पानं खुडली, डोळ्याखाली तिरका काप दिला आणि डब्यांत वाळू-माती भरून खोचल्या. बाबांना दिसू नयेत म्हणून डबे कापड कापायच्या टेबलाखाली ठेवले. तू रेडिमेड कपड्यांच्या कारखान्यात गेलीस तेव्हापासून घरात तुझा विषय काढायचा नाही, हे तुला ठाऊकच आहे. सगळ्या फांद्या काळ्या पडल्या. पुन्हा लावल्या, त्याही गेल्या. माती चांगली होती गं. मीच रोज सकाळी, मुळं आली का बघायला, एकेक फांदी उपसत होतो आणि परत त्याच भोकात अगदी सरळ खोचत होतो.

एकदा असाच टेबलाखाली वाकलो होतो, तर वरून आवाज आला, "त्या काड्यांना रोज परीक्षेला बसवतोस होय रे? तू तरी आठवीच्या पुढे गेलास का?"

माझं डोकं खाड्कन टेबलाला आपटलं. बाबा यंत्रावर कॉलर फिरवत होते. मान वर केली नाही. कुणासाठी लावतोस, हेही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात गेलो, तर जाईचा एक खालचा लांब फाटा वाकवून कुंडीतल्या मातीत दाबलेला. हलू नये म्हणून वर आपली मूठ तुटलेली कोळशाची इस्त्री. शेंडा पलीकडून बाहेर काढून काडीला कापडाच्या काठाने बांधलेला. गाठ बाबांची, मी कुठेही ओळखीन.

"हा वेलीवरून तोडायचा नाही," ते मागून म्हणाले. "स्वतःची मुळं धरेपर्यंत वेल त्याला पाजते. आणि तोवर उकरून बघितलंस, तर बोटं एकमेकांना शिवून टाकीन."

मी उकरलं नाही. दोनदा इस्त्रीला हात लावला, तेवढंच. पाणी ते स्वतः घालायचे, तांब्या दोन्ही हातांनी धरून.

ताई, आता जे लिहितो ते खरं तर सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. दुकान नीट चाललेलं नाही. बाबांचा उजवा हात थरथरतो. यंत्रावर निभावतं, पण कात्री धरली की लपत नाही. हेडमास्तरांच्या कोटाची एक बाही आखूड कापली गेली. ते बिचारे म्हणाले, "बरं झालं, घड्याळ दिसेल." बाबाही हसले. पण त्यानंतर ते कापडावर खडूने आखतात, घडी घालतात आणि फळीवर ठेवून देतात. फळी भरली आहे. मला तर तू ओळखतेस. मी चार वेळा मापतो आणि मग घामच पुसत बसतो. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण हात आता असाच राहणार.

काल इस्त्री उचलली. फाटा हलवून पाहिला तर हलेना, आणि कुंडीच्या बुडाच्या भोकातून पांढरं मूळ डोकावत होतं. आता फक्त वेलीकडून कापायचं. मी कात्री आणली. बाबांनी ती फाट्याजवळ नेली, पण पातं नुसतं सालीवर टकटक करत राहिलं. त्यांनी कात्री माझ्याकडे दिली. माझा हात त्यांच्याहून जास्त थरथरला.

"शाब्बास," बाबा म्हणाले, "दोघं मिळून एक पान तरी पाडू." मग माझ्या हातातली कात्री काढून घेतली. "या घरात कापायचा हात एकीचाच. लिही तिला, तिची जाई तयार आहे. येऊन काप म्हणावं."

तू गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी तुझा विषय काढला. मी धीर करून विचारलं, "आणि फळीवरच्या कापडांचं काय लिहू?"

"ते कशाला लिहायला हवं? आली की दिसेलच तिला."

आज सकाळी त्यांनी पेटीतून तुझी कात्री काढली, धार लावून आणली आणि टेबलावर तुझ्या बाजूला ठेवली. कारखाना सोड असं मी म्हणत नाही, तेही म्हणाले नाहीत. जाईलाही घाई नाही, वेल अजून पाजते आहे. पण ये.

तुझी वाट बघणारा,
बटण

आणि बाबा. ते सही करायला तयार नाहीत. पण चपला घालून दारात उभे आहेत. हे पत्र टपालपेटीत तेच टाकणार म्हणतात.