मी कोणाची भाची नाही

विचुंबे, मंगळवार संध्याकाळ

भाची म्हणे! अजून डोकं तापलेलंच आहे.

घरमालकांना मी पहिल्या दिवसापासून मामा म्हणते. मोठ्या माणसाला नावाने हाक मारायची नाही, ही आईची शिकवण. त्यांनी नेमका त्याचाच फायदा घेतला. आज जिन्यात सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंनी विचारलं, "ही कोण?" तर हे हसत म्हणाले, "माझी भाची, परभणीची. शिकायला आलीय."

शिकायला? मी नोकरी करते!

भाडेकरार रजिस्टर झाल्याशिवाय आधारवर इथला पत्ता चढत नाही, आणि पत्त्याशिवाय ऑफिस मला कायम करत नाही. हे त्यांना कितीदा सांगितलंय. बाई गेल्यावर पुन्हा सांगितलं, तर म्हणाले, "अगं, घरच्या माणसाशी कसला करार? पोलिसांत कळवा, सोसायटीला विचारा, नुसता ताप. भाची सांगायचं, संपलं."

म्हणजे मी इथे राहायचं, पण कुठेच नोंद नको?

तशीच जाऊन सेक्रेटरीबाईंची बेल दाबली. दार उघडताच सांगितलं, "काकू, मी भाची नाही. भाडेकरू आहे."

"वाटलंच मला. या माणसाला दरवर्षी नवी भाची येते! आठवड्यात करार आण, नाहीतर खोली सोड."

खोली मी सोडायची?

मामा मागेच उभे होते. "मला खोटं पाडलंस."

मी पाडलं? होतंच ना ते खोटं! उद्या ते करार करतील की मला बाहेर काढतील, माहीत नाही. पण खरा संताप माझाच मला येतोय. एवढं होऊनही तिथून निघताना तोंडून गेलंच, "येते हं, मामा."