माहूरला न पोचलेली गाडी

लातूर,
गुरुवार, १९ एप्रिल २००१

प्रिय पंचशीला,

सोमवारी तुझी चौकशी आहे आणि मी इथं आईच्या हातचं जेवून पंख्याखाली बसलेय. नांदेडहून आल्यापासून तुला तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही फाडली. तिन्हींत मीच शहाणी निघत होते. आपला वीरण्णा उदगीरहून आलाय, दुपारच्या गाडीनं नांदेडला निघतोय, त्याच्या हाती हे देते. तुझा पेपर रद्द झाला तर वर्ष जाईल आणि पुण्याच्या कंपनीनं बोलावलंय तेही हातचं जाईल, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

पहिलं वर्ष आठवतं का गं? लॅबबाहेर चपला काढून देवळात शिरल्यासारखे आत शिरायचो. दोघींत एक मशीन. मी लातूरची, बोर्डात आलेली, म्हणून कीबोर्ड माझ्याकडे. तू बिलोलीची, मराठी शाळेतली, म्हणून वही तुझ्याकडे. वीरण्णा मनातल्या मनात कन्नडमध्ये मोजायचा. इंग्रजी पुस्तक तिघांनी मिळून वाचायचं आणि तिघांनी मिळून चुकायचं. डोकं वहीकडे आहे आणि कीबोर्डाकडे नुसती बोटं, हे वर्गाला कळायला सहा महिने लागले. मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, पण सांगतंय कोण!

मला एकच गोष्ट येते, पाठ करणं. त्र्याण्णवच्या भूकंपात बाबांची औशाकडची शाळा पडली, तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये चाळीस पोरांत एक पुस्तक होतं. बाबा मोठ्यानं वाचायचे आणि आम्ही पाठ करायचो, स्वल्पविरामासकट. त्यावर आम्ही तगलो, खोटं कशाला बोलू. पुढं बाबांनी लातूरला क्लास काढला तोही त्यावरच चालला. आज चौकाचौकात बाबांच्या, म्हणजे मार्तंड सरांच्या, क्लासच्या बोर्डावर माझा फोटो आहे. त्या फोटोतल्या मुलीला काही म्हणजे काही समजत नाही, हे एकट्या तुला ठाऊक होतं. तू कधी कुणापाशी बोलली नाहीस.

प्रॅक्टिकलच्या आधी आठवडाभर तुझी वही माझ्याकडे होती. एसटीचा प्रोग्राम, नांदेड ते माहूर, सगळे थांबे ओळीनं छापायचे. सत्तावीस ओळी मी घडाघडा पाठ केल्या. त्यात शेवटचा थांबा मोजायचा राहिला होता, तुझी गाडी माहूरला पोचतच नव्हती. ते तुला आदल्या दिवशी दिसलं. किती हसलीस स्वतःलाच! मला म्हणालीस, "पाठ कशाला करून राहिलीस? गाडी कुठं कुठं थांबती तेवढं ध्यानात ठेव, बाकी आपोआप येतंय." मी हो हो केलं. पण एकदा पाठ झालेलं माझ्याच्यानं मोडत नाही गं.

परीक्षेत नेमका तोच प्रोग्राम आला. मी पुढच्या नंबरावर, तू माझ्या मागं. दोन्ही पेपर जवळजवळ हुबेहूब निघाले, तेव्हा प्रॅक्टिकलच्या सरांनी ते शेजारी शेजारी ठेवून दोघींची आडनावं वाचली आणि कॉपीची चौकशी तुझ्या नावे लावली. मला एक शब्द विचारला नाही. मीही सांगितला नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी चार दिवस स्वतःला म्हणतेय. थापा आहेत सगळ्या. मी घाबरले होते. तू मात्र खाली मान घालून उभी होतीस, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस, आणि तेच मला सहन होत नाही.

आज सकाळी बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुला कुणी विचारलंय का? नाही ना? मग गप बस. त्या शेडमधून इथवर यायला आठ वर्षं लागलीत." रागावले असते तर बरं झालं असतं. ते हात जोडून म्हणाले. त्यांनी माझ्यापुढं हात जोडले, पंचशीला.

आता ऐक. थांबे मोजायच्या व्हेरिएबलला तू तुझ्या आईचं नाव दिलं होतंस, महामाया. सरांना ते ठाऊक नाही. माझ्या पेपरात ते नाव सहा वेळा आहे, एका अक्षराचा फरक नाही. आणि माझी गाडी अजून माहूरला पोचत नाही, तुझी पोचते. उतरवणारी चूक उतरवते, दुरुस्त करत नाही. हे सोमवारी तू बोललीस की तू सुटलीस. पण तू बोलणार नाहीस. तुझ्या तोंडून माझं नाव निघणार नाही, हे मी ओळखून आहे, आणि गेले चार दिवस मी त्याच भरवशावर जेवतेय. म्हणून हाच मजकूर अर्ज म्हणून लिहून, सही करून, मी वीरण्णाकडे दिलाय. आधी तो विभागाच्या ऑफिसात देऊन शिक्क्याची पोच घेईल, मगच हे पत्र तुला देईल. तू हे वाचतेयस म्हणजे अर्ज पोचला. आता तो तुला थांबवता येणार नाही, आणि मलाही. सोमवारी मी येतेय. बाबांना सांगून येतेय. तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल.

तुझीच, तुझ्या वहीवर पास होत आलेली,
मृण्मयी