कासवबेटावर बिऱ्हाड

१४ मार्च

खुंटे ठोकून गेले. लोखंडी, वर लाल रंग दिलेले. कासवबेटाच्या पुळणीवर, जिथे कासवं अंडी घालायला चढतात अगदी तिथेच. माझा साडू बेलिसारियो नारळ उतरवायला गेला होता, त्याने पाहिले. होडी ओढून लावतानाच म्हणाला, "आपल्या बेटाला कोणीतरी दात बसवून गेलंय."

हॉटेल होणार म्हणे. धक्का, तेलाच्या टाक्या, रात्रभर दिवे. दिवे जळले की कासव वर यायचं नाही. माडही गेलेच — आमच्या आज्यांनी लावलेले.

१७ मार्च

कंपनीचा माणूस आला. राजधानीतला, बूट घातलेला. सभाघरात त्याला पुढच्या बाकावर बसवलं. रीत ती रीत — आधी साहिला झुल्यात पडून गाणार, मग मी उभा राहून त्या गाण्याचा अर्थ लोकांना सांगणार, मग पाहुण्याने बोलायचं. साहिला म्हणजे गावाचे प्रमुख. माझे सासरेच ते. धरतीमातेच्या हिरव्या वस्त्राचं गाणं त्यांनी असं लांबवलं की पाहुण्याची मान छातीवर आली. काठीवाल्या राखणदाराने त्याच्या कानाशी आरोळी ठोकली, "झोपू नका, ऐका!" ही आरोळी आम्हां सगळ्यांनाच मिळते. आज जरा जास्त मनापासून मिळाली.

मग तो बोलला. बेटावर कोणी राहत नाही, रिकामी जागा सरकारची, सरकारने ती कंपनीला दिली आहे.

बायकांच्या बाकांवरून माझी मेव्हणी ओलोदिली — "तुमच्या हापिसात रात्री कोणी राहतं का हो?"

"नाही."

"मग माझी डुकरं पाठवते."

सभाघर हसलं. तो हसला नाही. महिनाअखेरपर्यंत हो म्हणा, म्हणाला, नाहीतर पोलीस घेऊन येऊ.

१८ मार्च

'पोलीस' ऐकल्यापासून सासरे जेवत नाहीत. लहान होते तेव्हा आमचा पेहराव मोडायला आलेल्या पोलिसांनी त्यांच्या आईच्या नाकातली नथ ओढून काढली होती. त्या वर्षी आमच्या लोकांनी उठाव करून पोलिसांना मारलं, ते राजधानीला आठवत असेल. सासऱ्यांना मात्र मेलेले आठवतात.

२२ मार्च

आज सभेत सासरे गायले. एक म्हातारा, त्याचं वल्हं मोडलं, समुद्राची ओढ जोराची, होडीत नातवंडं. म्हाताऱ्याने होडी ओढीला सोडून दिली.

गाणं थांबलं. सगळे माझ्याकडे बघत होते. अर्थ सरळ होता — बेट द्या, पोरं वाचवा. मला तो फिरवता आला असता. ओढ म्हणजे पूर्वजांची वाट, ती धरा, लढा — असं सांगितलं असतं तर कोण अडवणार होतं? जिभेवर आलंही. पण हे काम मी देवासमोर कोकोच्या बियांची धुरी घेऊन स्वीकारलं आहे. दुसऱ्याच्या तोंडात माझे शब्द घालायचे नाहीत.

सरळ सांगितलं. साहिला म्हणतात, बेट द्यावं.

मग माझ्या जागेवरून खाली उतरलो, लोकांत जाऊन बसलो आणि हात वर केला. "आता मी माझं बोलतो. मला हे मान्य नाही."

सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले. निर्णय झाला नाही.

२३ मार्च

बायको बोलत नाही. केळ्यांचं आणि माशांचं कालवण पुढे ठेवलं, आदळून.

"अगं, मी विरोधात बोललो ना!"

"मागाहून."

ओलोदिली चुलीपाशी बसून म्हणाली, "भावोजी पोपट आहेत. आधी सासऱ्यांचं बोलतात, मग स्वतःचं. फळ दोघांचं खातात."

बेलिसारियो इतका हसला की त्याला ठसका लागला. साडू असून उपयोग काय?

२५ मार्च

बायका गेल्या. उजाडताच. बायकोने खांबांवरून झुला सोडला, गुंडाळला, भांडी टोपलीत भरली. सासूबाईंनीही आपला सोडला. चार घरं, मग पाच, मग होड्याच पुरेनात.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"घरी," बायको म्हणाली.

सासरे दारात उभे होते. सासूबाई त्यांच्या बाजूने निघून गेल्या. एवढंच म्हणाल्या, "डुकरांना घाला काहीतरी."

२६ मार्च

लग्नात मला पकडून, उचलून, हिच्या झुल्यात टाकलं होतं. रडलो होतो मी, आमच्यात नवरेच रडतात. तेव्हापासून तिचा झुला तिथे माझं घर. आम्ही सगळेच सासरी राहणारे. मग यात विचार करण्यासारखं काय आहे?

तरी दिवसभर केला. सासऱ्यांना एकटं सोडायचं कसं? संध्याकाळी तेच म्हणाले, "जावई, तुमची बायको तिकडे आहे. जा."

"तुमचीही आहे," मी म्हणालो.



२७ मार्च

गेलो. बेलिसारियो बेटावर माझ्या आधीच पोचला होता, खोपटाला माडाच्या झावळ्या बांधत होता. "उशीर केलास, चांगले माड संपले."

लाल खुंट्यांवर परकर वाळत आहेत.

बायको बोलली. "दोर घट्ट बांधा" म्हणाली. पुरे आहे.

२९ मार्च

इथले नियम बायकांनी ठरवले. समुद्राकडच्या बाजूला चूल नाही. अंधार पडला की दिवा नाही. कासवाच्या अंड्याला हात लावायचा नाही — बेलिसारियोने तोंड पाडलं, त्याला ती फार आवडतात. "आपण राहायला आलो म्हणून कासवं निघून गेली तर कंपनीत आणि आपल्यात फरक काय?" असं सासूबाई म्हणाल्या. ओलोदिली म्हणाली, "अंडी नाहीत, दिवा नाही. नवऱ्यांचं घोरणं तेवढं आहे. त्याला पण बंदी घाला."

पहाटे पुळणीवर रांगल्याच्या खुणा होत्या. रुंद, ओल्या. खुंट्यांना वळसा घालून वर गेलेल्या. मी हात जोडले.

भीती वाटते. बंदुका येतील तेव्हा पुढे कोण उभं राहील हे मला माहीत आहे — नथी घातलेल्या बायका. त्यांच्या शेजारी मीही असेन. इथून उठायचं नाही. मारलं तर इथेच.

३१ मार्च

सकाळी एक होडी आली. म्हातारा एकटाच वल्हवत होता. खांद्यावर साहिलाचा झुला. सासरे उतरले. पुळणीच्या मधोमध दोन माडांना तो स्वतः बांधला, ओढून पाहिला, आत पडले.

"सभा इथे भरेल," म्हणाले. "तुम्ही उभे राहा, जावई. आज सोपं गाणं आहे."

कंपनीची बोट दिसते आहे. मागे आणखी दोन. मी धुरी पेटवायला जातो.